बोट बुडाली नव्हती

माझा मेहुणा पालीला गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी खानावळ चालवतो. तिथे जेवायला बसलेल्या प्रत्येक भाविकाला वरणभाताबरोबर एक गोष्ट फुकट वाढली जाते. ती अशी की, त्याच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी म्हातारपणी शिडाची बोट घेतली, घराची करतात तशी तिची वास्तुशांत केली आणि त्याच दिवशी पंधरा पाहुण्यांसकट ती खाडीत बुडवली. ही गोष्ट आता जिल्हाभर पसरली आहे. गेल्या महिन्यात हरिहरेश्वरला देवळाच्या पायरीवर एका अनोळखी गृहस्थांनी ती मलाच ऐकवली आणि शेवटी "म्हातारा त्यानंतर जरा सुधारला म्हणतात" अशी पुस्तीही जोडली. तेव्हा लेखणी हाती घेणे मला भाग पडले.

बोट बुडाली नव्हती. बुडण्यासाठी पाणी लागते आणि त्या वेळी बोटीखाली पाणी नव्हते. सारा घोटाळा त्यातूनच झाला हे मी मान्य करतो. परंतु पाण्याच्या अभावी झालेल्या घटनेला बुडणे म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे आणि माझ्यावरही.

मी सरकारी नोकरीत आयुष्यभर न हलणाऱ्या वस्तू बांधल्या. मोऱ्या, लहान पूल, दरडी थोपवणाऱ्या भिंती. माझा एकही पूल आजवर हललेला नाही. निवृत्तीनंतर श्रीवर्धनला पोफळीच्या लहानशा वाडीत आम्ही दोघे स्थिर झालो, आणि शेजारी एक निवृत्त खलाशी लाभला. आखाती जहाजांवर उमर घालवलेला, माझ्याच वयाचा आणि माझ्याइतकाच हट्टी. मी त्याला कधी मित्र म्हटलेले नाही. आम्ही फक्त रोज संध्याकाळी बंदरावरच्या टपरीत एकमेकांना खोडून काढायला भेटतो. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब पूल का बांधतात ठाऊक हाय? पाण्याला घाबरतात म्हणून. पाय भिजवायला नको!"

टपरी हसली. चारच महिन्यांत मी एका मुंबईकराकडून जुनी शिडाची बोट विकत घेतली होती. "टोमण्यापायी बोट घेतली" असे मेहुणा सांगतो. हे साफ खोटे आहे. मला समुद्राची ओढ लहानपणापासूनच होती. ती त्या टपरीत प्रथम माझ्या लक्षात आली, इतकेच.

पुढे मी जाहीर केले की बोट नुसती फिरायला नाही. दसऱ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत आम्ही दोघे तिच्यावर राहणार. पत्नीला मी हे टपरीत जाहीर केल्यानंतर सांगितले. ती सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला नाही.

"येईन की," ती म्हणाली. "माझ्या दोनच अटी. देव सरळ बसले पाहिजेत आणि आलेल्याला चहा देता आला पाहिजे. एवढं असलं की ते घर. नसलं तर तुम्ही खुशाल राहा एकटे. मी डबा पाठवीन."

डब्याच्या धमकीचे वजन बाहेरच्या माणसाला कळणार नाही. एकटे राहण्याची मला भीती नव्हती. पण चव्वेचाळीस वर्षे ज्या व्यक्तीने माझे प्रत्येक म्हणणे ऐकून "असं का?" एवढेच म्हटले, ती व्यक्ती किनाऱ्यावर आणि मी पाण्यात, हे चित्र मला रुचेना. "असं का?" म्हणायला कोणी नसेल, तर माणसाने बरोबर असून उपयोग काय?

म्हणून मी बोट सजवायला घेतली. इथे नवशिक्यांच्या हितासाठी थोडे तपशीलवार लिहितो. त्यांनी यातले काहीही करू नये.

बोटीत मूळची एक शेगडी होती. दोन बाजूंनी खिळींवर टांगलेली. बोट कितीही कलली तरी ती पाळण्यासारखी झुलून आपली सपाटी सांभाळी. मला ती पाहताच राग आला. अन्न शिजवण्याची जागा ही पक्की हवी. मी ती उतरवली आणि तिथे कडप्प्याचा ओटा बसवला. ओट्यावर दोन बर्नरची घरगुती शेगडी स्क्रूने आवळून टाकली. ओट्याखाली पाटा-वरवंटा, शेजारी लोणच्याच्या बरण्या, मागे पाण्याची टाकी. देव्हारा सागवानी, चार बोल्टांनी भिंतीला जखडलेला. आणि देव्हाऱ्याच्या वर मी माझी नोकरीतली पितळी पाणसळ ठोकली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध असला की जागा सपाट. पत्नीला तो बुडबुडा दाखवून म्हणालो, "हा जोवर मध्ये आहे, तोवर तुझे देव सरळ."

"असं का?" ती म्हणाली.

खलाशाने एकदा आत डोकावून सगळे पाहिले. "साहेब, ही बोट हाय का मोरी? बोटीत जे जाम करशील ते बोटीबरोबर पडतं. टांगून ठेव. आमच्या जहाजावर दिवा टांगलेला, चूल टांगलेली, आम्हीपण टांगलेलेच!"

"देवही टांगू का?" मी विचारले.

"ती झुलती शेगडी कुठं टाकलीस?"

"खाडीत," मी म्हणालो. वादात निर्णायक ठरणारे उत्तर नेहमी थोडे मोठे असावे लागते. प्रत्यक्षात मी ती खाडीत टाकली नव्हती. चालू स्थितीतली वस्तू फेकून देणे माझ्या हाताला जमत नाही. मी ती गोणपाटात गुंडाळून बोटीच्या पुढच्या टोकाला दोरखंडांच्या कप्प्यात ठेवली होती. पण टपरीत गोष्ट पोहोचली ती खाडीची. मग दोन महिने "साहेबांनी शेगडी बुडवली" हा विषय चालला आणि मी तो अभिमानाने चालू दिला.

आता वास्तुशांतीकडे येतो. "बोटीची कोणी वास्तुशांत करतं का?" असे मेहुणा हसून विचारतो. ज्या जागेत राहायचे, तिची करतात. मासेमारीची होडी पुजून नारळ वाढवला की पुरते, कारण होडीत कोणी राहत नाही. मी राहणार होतो. सजावटीत दसरा हुकला, तेव्हा मार्गशीर्षातल्या शुद्ध त्रयोदशीचा मुहूर्त निघाला. पाहुणे बहुतेक साठीच्या पुढचे; त्यांना होडक्यातून बोटीत चढवण्यापेक्षा भरतीच्या पाण्यात बोटच काठाला आणावी आणि फळी टाकून सगळ्यांना चालत आत घ्यावे, अशी माझी योजना होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथले पोरही जाणते. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. पावणेदहाला पूर्ण पाणी. बाराच्या आत पूजा आणि जेवण आटोपून बोट पुन्हा खोल पाण्यात. हिशेब बिनचूक होता. भरती पावणेदहालाच आली. समुद्राने त्या दिवशी माझ्याविरुद्ध काहीही केले नाही. उशीर झाला तो भटजींमुळे.

भटजींचे म्हणणे वेगळे आहे. ते म्हणतात, यजमानांनी वाद घातला. वाद नव्हता, मी एक मूलभूत शंका विचारली. भटजींनी स्वयंपाकाची जागा आग्नेय कोपऱ्यात आहे ना, असे विचारले. मी म्हणालो, "सध्या आहे. पण बोट नांगरावर फिरते. ओहोटीला हाच कोपरा वायव्येला जाईल. मग शांत कोणत्या कोपऱ्याची?"

"यजमान, आत्ता जी दिशा, ती धरू."

"म्हणजे दिशा बदलली की शांत मोडली?"

"शांत अशी मोडत नाही हो."

"मग कोपरा विचारलात कशाला?"

भटजींनी पळी खाली ठेवली. ते विद्वान गृहस्थ. त्यांनीही माघार घेतली नाही. अग्नीची दिशा, जहाजाची दिशा, सूर्याची दिशा. पाहुणे ऐकत होते, खाडीचे पाणी हळूहळू परतीच्या वाटेला लागले होते आणि खलाशी काठाकडे पाहत होता. त्याने एकदा "साहेब, पाणी..." असे म्हटले. मी हाताने त्याला थांबवले, कारण त्याच वेळी मी जिंकत होतो.

पूजा संपली तेव्हा एक वाजत आला होता. "आधी बोट खोल पाण्यात नेऊ," असे मी म्हणायला हवे होते. परंतु पाने मांडली गेली होती. शीड आडवे पसरून मांडव केला होता. त्याची सावली डाव्या बाजूला पडत होती, म्हणून पंगत डाव्या कठड्यालगत बसली. पाट नव्हते, तेव्हा जीव वाचवण्याची नारिंगी जाकिटे आसन म्हणून घातली होती. त्यांचा त्या दिवशी झालेला हा एकमेव उपयोग.

इथे एक तांत्रिक खुलासा आवश्यक आहे. आमच्या कोळी बांधवांच्या होड्या चिखलावर टेकल्या की कडेला टेकू लावून उभ्या राहतात. माझ्या बोटीच्या बुडाखाली मात्र माशाच्या परासारखे एक खोल, जड पाते आहे. पाण्यात ते बोटीला उभी धरते. पाणी गेले की तेच पाते चिखलात रुतते आणि जिकडे वजन जास्त तिकडे बोट कलू लागते. वजन डावीकडे होते. कडप्पा डावीकडे, पाटा डावीकडे, टाकी आणि बरण्या डावीकडे. आणि आता भटजी, मेहुणा, खलाशी आणि वाडीतले सगळे प्रतिष्ठित, तेही डावीकडे.

पहिल्यांदा मठ्ठा निघाला. द्रोणातून नव्हे, द्रोणासकट. मग अळूच्या भाजीने पानाची कड ओलांडली.

"यजमान," भटजी अतिशय सभ्यपणे म्हणाले, "बोट जराशी..."

"वारा आहे," मी म्हणालो.

"वारा पडलाय, भावोजी," मेहुणा म्हणाला.

कोणी उठले नाही. भरल्या पानावरून उठणे म्हणजे अन्नाचा आणि यजमानाचा अपमान. आणि पंगतीतला सर्वांत वयस्कर माणूस हात धुवत नाही तोवर बाकीच्यांनी हलायचे नसते. सर्वांत वयस्कर भटजीच होते आणि ते सावकाश जेवतात. त्यामुळे बोट कलत गेली आणि पंगत जेवत राहिली. प्रत्येकाने डाव्या हाताने पान धरले, उजव्या हाताने भात कालवला. मधूनमधून कोणाचे तरी पान घसरे आणि शेजारी ते अडवून परत देई. खलाशी तर रंगात आला होता. "साहेब," तो ओरडला, "असं जेवण चाळीस वरसांनी मिळालं! जुन्या जहाजाची याद आली!"

वाढण्याचे काम मेहुण्याच्या माणसांकडे होते. जिलबीच्या वेळी त्यांनी त्या उतारावर पाय ठेवायला नकार दिला. तेव्हा पातेले मी घेतले. मेहुणा सांगतो की मी रांगत जिलब्या वाढल्या. मी गुडघे आणि एक हात टेकवून पुढे सरकत होतो. तीन आधारांवरची रचना दोन आधारांवरच्या रचनेपेक्षा स्थिर असते, हे कोणताही बांधकामवाला सांगेल. आणि त्या पंगतीत मला एक शोध लागला. "नको" म्हणायला पाहुणा पानावर हात आडवा धरतो. पण इथे एका हातात पान होते आणि दुसऱ्याने कठडा पकडला होता. आडवा धरायला हात कोणाकडेच नव्हता. मी सगळ्यांना भरपूर जिलब्या वाढल्या. आयुष्यात माझा आग्रह इतका यशस्वी कधीच झाला नव्हता.

जेवणे झाली तोवर बोट चिखलात डाव्या कुशीवर निजली होती. फळी घसरून गाळात गेली होती आणि काठापर्यंत मांडीइतका चिखल पसरला होता. पुन्हा पाणी भरून बोट उभी राहीपर्यंत, म्हणजे दिवेलागणीपर्यंत, कोणालाही उतरता येणार नव्हते. पाहुण्यांनी ते मोठ्या मनाने स्वीकारले. जाकिटे उशाला घेऊन सगळे आडवे झाले. वामकुक्षी डाव्या कुशीवरच घ्यायची असते. त्या दिवशी बोटीपासून भटजींपर्यंत सगळ्यांनी ती शास्त्रोक्त घेतली.

याच वेळी मेहुण्याने मोबाइलवर एक छायाचित्र काढले. तो ते पुरावा म्हणून दाखवतो. पण तो स्वतः बोटीबरोबर कललेला असल्यामुळे चित्रात बोट सरळ आली आहे आणि श्रीवर्धनच्या साऱ्या पोफळी आडव्या झाल्या आहेत. हे छायाचित्र माझ्याच बाजूचे आहे, हे मी त्याला वारंवार दाखवून दिले आहे.

पण उन्हे कलली तसे भटजी उठून बसले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

"वहिनी, चहाचं काही जमेल का?"

पत्नी खाली उतरली. मी मागोमाग गेलो. आतले दृश्य मी वर्णन करणार नाही. एवढेच सांगतो की जे जे मी पक्के केले होते ते सगळे जागच्या जागी होते आणि सगळे तिरके होते. कडप्पा घसरगुंडीसारखा. तिने पातेले शेगडीवर ठेवले. ते सरळ निघाले आणि भिंतीला जाऊन लागले. तिने ते पुन्हा ठेवले. ते पुन्हा निघाले. देव्हारा आपल्या चारही बोल्टांवर भक्कम होता, पण आतले देव एका कोपऱ्यात गोळा झाले होते आणि बाळकृष्ण खाली घरंगळून लोणच्याच्या बरणीमागे पडला होता. तिने तो उचलला, पदराने पुसला आणि वर पाणसळीकडे पाहिले. बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला होता.

"असं का?" ती म्हणाली नाही. आणि मला किनाऱ्यावरून येणारा डबा स्पष्ट दिसू लागला. स्टीलचा, चार पुडांचा.

वरून खलाशाने डोके आत घातले. त्याच्यामागे भटजी, मेहुणा आणि जेवढी डोकी त्या दारात मावतील तेवढी.

"भाई," पत्नी त्याला म्हणाली, "तुम्ही सांगत होतात ती झुलती शेगडी असती तर झाला असता ना हो चहा?"

"पैजेवर झाला असता, वहिनी! पण काय करणार? साहेबांनी खाडीत टाकली ना! विचारा साहेबांना. अख्ख्या बंदराला सांगितलंय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. दोन महिन्यांचा वाद माझ्यासमोर उभा होता आणि पंधरा साक्षीदार. मी गप्प राहिलो असतो तर शेगडी कायमची खाडीत राहिली असती आणि मीही कायमचा बरोबर राहिलो असतो. पत्नी बाळकृष्ण हातात धरून उभी होती. तिने मला विचारलेदेखील नाही. तिने गृहीतच धरले होते की मी गप्प राहणार.

"पुढच्या कप्प्यात आहे," मी म्हणालो. "दोरखंडांखाली. गोणपाटात."

खलाशाने जी आरोळी ठोकली ती हरिहरेश्वरपर्यंत गेली असावी. "न्हाय टाकली! अरे, साहेबांनी न्हाय टाकली!" वर डेकवर ती बातमी तोंडोतोंडी गेली आणि त्या तिरक्या बोटीवर माणसे पोट धरून हसली. मेहुणा सांगतो की त्या वेळी त्याची बहीण रडत होती. मी समोर उभा होतो. ती हसत होती. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येते, ही गोष्ट तिच्या भावाला साठ वर्षांत कळलेली नाही.

शेगडी कप्प्यातून काढून जुन्या खिळींवर चढवली. ती एकदा झुलली आणि थांबली. बोट, कडप्पा, देव्हारा आणि मी, सगळे कललेले. फक्त ती शेगडी आणि तिच्यावरचे पातेले सरळ. पत्नीने आले किसले, साखर टाकली आणि पंधरा जणांचा चहा दोन खेपांत केला. एक थेंब सांडला नाही. मग पातेले बाजूला ठेवून ती म्हणाली, "देवही असेच टांगून द्या."

"देव झोपाळ्यावर?"

"गोकुळाष्टमीला पाळण्यात घालतोच की. तेव्हा चालतं ना?"

भटजी दारातून म्हणाले, "चालतं, चालतं." त्यांनी या वेळी दिशा विचारली नाही.

अंधार पडता पडता पाणी आले. बोट कण्हत, थोडी लाजत, हळूहळू उभी राहिली. पाहुणे उतरून गेले. पत्नी उतरली नाही. तिने सांडलेले सगळे आवरले आणि काठावर उभ्या असलेल्या भावाला हाक मारून सांगितले, "घरून माझी पांघरुणं पाठव."

त्या गोष्टीला आता तीन हंगाम झाले. पुढच्याच आठवड्यात कडप्पा काढून काठावर नेला. त्यावर आता वाडीतल्या कोंबड्या बसतात. पाटाही गेला. देव एका लहान पितळी पाळण्यात असतात आणि बोट वळली की अगदी हलके हलतात. पाणसळ मी काढलेली नाही. ती तिथे शोभेला आहे, असे पत्नी येणाऱ्यांना सांगते. ती तिथे नोंदीसाठी आहे.

ती बोटीवर का आली, याबद्दल मात्र अजून एकमत नाही. मेहुण्याच्या मते, आपल्या नवऱ्याला एकटे सोडले तर तो पुन्हा पंगत घालील या भीतीने. खलाशाच्या मते, त्याच्या शेगडीमुळे, आणि म्हणून रोज संध्याकाळी तो हक्काने चहाला येतो. पत्नीला मी एकदा सरळ विचारले. ती देवांचा पाळणा पुसत होती. "तुम्ही 'आहे' म्हणालात म्हणून," एवढे बोलून ती कामाला लागली.

हे मी पूर्णपणे मान्य करू शकत नाही. चहा उत्तम झाला होता, हेही एक कारण असणार.

खलाशी सगळीकडे सांगत फिरतो की तो वाद त्याने जिंकला. वाचकांनी वरचा मजकूर पुन्हा तपासून पाहावा. मी हरलो, असे मी कुठेही म्हटलेले नाही. मी फक्त शेगडी कुठे आहे ते सांगितले.